मर्दासारखे वागा, आणि त्याच्या पुढची ओळ

प्रिय लेका,

पुरुषानं मर्दासारखं वागावं, घरावर सत्ता चालवावी, असं बायबलच्या आधारे सांगणाऱ्या गृहस्थांचा तू पाठवलेला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आधी आई म्हणून राग आला. मग इतकी वर्षं संडे स्कूल घेतल्याची सवय जागी झाली, आणि त्या गृहस्थांनी घेतलेली वचनं मी बायबल उघडून एकेक तपासत बसले. खाली तू विचारलं होतंस, "आई, यात चुकीचं काय आहे?" प्रश्न खोचक नव्हता, तुला खरंच उत्तर हवं होतं, म्हणून फोनवर दोन वाक्यांत उडवून न लावता लिहायला घेतलं. बाईमाणसानं मर्दपणावर काय बोलावं, असं तुझ्या मित्रांपैकी कोणी म्हणेल. म्हणू दे. पुरुषांच्या मर्दपणाची झळ सगळ्यात आधी घरातल्या बायकांना लागते, तेव्हा बोलायचा हक्क आहे आम्हाला.

त्यांचं जे बरोबर आहे ते आधी सांगते. तरुण मुलगे एकटे पडलेत, हे खरं आहे. फोनमध्ये ओळखी ढीगभर, पण रात्री जीव घाबरा झाला तर ज्याला उठवावं असा एकही नाही. नोकरी, पैसा आणि दंडाचा घेर यांवर किंमत ठरते, आणि त्यात मागे पडलेला मुलगा कोणाला सांगत नाही की मी मागे पडलोय. मंडळीत, म्हणजे चर्चमध्येही, आपण त्यांच्याशी काय बोलतो? 'वाईट संगत धरू नका' याच्या पुढे गाडी फारशी जात नाही. अशा मुलाला कोणी छातीठोकपणे सांगितलं की तुझ्यात दम आहे, ऊठ, शिस्त लाव, जबाबदारी घे, तर तो ऐकणारच. ऐकावंच. लवकर उठायला माझा विरोध असायचं काही कारण नाही. तुला उठवण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत.

माझा आक्षेप दुसराच आहे. हे गृहस्थ प्रत्येक ठिकाणी एक ओळ आधी थांबतात.

करिंथकरांस पहिलं पत्र, १६ वा अध्याय, १३ वं वचन. 'मर्दासारखे वागा, खंबीर व्हा.' पडद्यावर ठळक अक्षरं, मागे नगारे. १४ वं वचन मात्र दिसलं नाही. त्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, जे काही कराल ते प्रीतीनं करा. एका श्वासात सांगितलेल्या या दोन गोष्टी. आणि प्रीती म्हणजे काय, हे त्यानं तीनच अध्याय आधी सांगून ठेवलंय: ती सहनशील असते, बढाई मारत नाही, फुगत नाही, स्वार्थ पाहत नाही, चिडत नाही. तेराव्या अध्यायातली ती यादी हाताशी घे आणि मग तो व्हिडिओ पुन्हा लाव. पहिल्या मिनिटातच बढाई सापडेल, चिडचिड तर पूर्णवेळ आहे. शिवाय हे पत्र करिंथच्या सगळ्या मंडळीला लिहिलेलं, त्यात बायकाही आल्या. म्हणजे मर्दासारखं वागायला त्यांनाही सांगितलंय. पौलाला तिथं धैर्य हवंय, दाढी नकोय.

मग ते बायबलच्या पहिल्या पुस्तकाकडे, उत्पत्तीकडे, वळले: पुरुषानं सत्ता चालवावी हा सृष्टीचा नियम आहे, म्हणे. पहिल्या अध्यायात देवानं नर आणि नारी दोघांना आपल्या प्रतिरूपाचं निर्माण केलं आणि पृथ्वी सत्तेखाली आणायला दोघांना सांगितलं. एकाला दुसऱ्यावर नेमलं नाही. 'तो तुझ्यावर स्वामित्व चालवील' हे वाक्य येतं ते तिसऱ्या अध्यायात, पापात पडल्यावर, जिथं काटेकुसळं आहेत, घाम आहे, बाळंतपणाच्या वेदना आहेत. आता बघ, शेतातली कुसळं आपण उपटतो. वेदनेवर औषध घेतो, आणि त्यात देवाचा अपमान होतो असं कोणी म्हणत नाही. त्याच यादीतली नवऱ्याची हुकूमत तेवढी देवाची आज्ञा म्हणून जिवापाड जपायची, हे कुठलं शास्त्र?

त्याच अध्यायात आदामाकडेही बघ. सहाव्या वचनात तो हव्वेबरोबरच आहे. साप बोलतोय, ती बोलतेय, आदामाचा एक शब्द नाही. पुढे देवानं विचारल्यावर त्याला वाचा फुटते आणि तो म्हणतो, तू मला दिलेल्या ह्या बाईनं मला फळ दिलं. एका वाक्यात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. पुरुषाचं बायबलमधलं पहिलं पाप म्हणून लोक फळाकडे बोट दाखवतात. मला तर त्याच्या आधीचं गप्प राहणं जास्त खटकतं. याच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तुझ्याशी त्याचा संबंध आहे.

आणि लामेख! लामेखावर कधी कोणी उपदेश केलेला ऐकलायस? चौथा अध्याय, १९ ते २४. दोन बायका करणारा बायबलमधला पहिला पुरुष. त्या दोघींना, आदा आणि सिल्लाला, समोर बसवून तो एक कवनच ऐकवतो: मला घाव करणाऱ्या माणसाला मी मारून टाकलं, मला दुखापत करणाऱ्या तरुणाला ठार केलं, काइनासाठी सातपट सूड, तर लामेखासाठी सत्त्याहत्तरपट. हाती माइक नव्हता एवढंच, बाकी आजच्या व्हिडिओत आणि यात फरक शोधून काढावा लागेल. मला कोणी बोललं तर मी त्याला सोडत नाही, आणि माझ्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सातच्या सत्तर पट. येशूनं लामेखाचं नाव घेतलं नाही, पण उत्पत्ती तोंडपाठ असलेल्या माणसांसमोर तो सूडाचा पाढा क्षमेसाठी म्हणून दाखवत होता, असं मला वाटतं.

आता येशूविषयी. 'आपला प्रभू लेचापेचा नव्हता, त्यानं मंदिरात कोरडा उगारला', हे त्यांचं हुकमी पान. उगारला, खरं आहे. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पण कोणासाठी? मार्क म्हणतो की सर्व राष्ट्रांसाठी असलेलं प्रार्थनेचं घर लुटारूंची गुहा केल्याचा तो संताप होता. परक्यांना, गरिबांना देवाजवळ यायला होती ती जागा व्यापाऱ्यांनी अडवलेली. कबुतरं विकणाऱ्यांना तो वेगळं उद्देशून सुनावतो. ज्यांना कोकरू परवडत नसे ते पक्ष्यांची जोडी अर्पण करत, आणि लूक सांगतो की येशू तान्हा असताना त्याच्या आईबापांनी हेच अर्पण केलं होतं. गरीब घर त्याला ऐकून माहीत नव्हतं, आतून माहीत होतं.

तोच येशू काही दिवसांनी बागेत पकडला जातो. पेत्र तलवार काढून महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापतो. येशू तलवार म्यान करायला सांगतो आणि लूकच्या म्हणण्याप्रमाणे तो कान बरा करतो. म्हणजे दुसऱ्यावर अन्याय झाला तेव्हा कोरडा, स्वतःवर आला तेव्हा तलवार म्यानात. आपण बरोबर उलटं करतो. आपल्याला कोणी ओव्हरटेक केलं तरी रक्त उसळतं, आणि शेजारच्या घरात बाई मार खात असेल तर 'त्यांचं खासगी आहे'.

त्याच बागेत, कान कापायच्या थोडंच आधी, तो तिघा मित्रांना म्हणाला होता की माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राला हे सांगायची लाज वाटली नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी तो चारचौघांत रडला. तू आठवी-नववीत गेल्यापासून तुला रडलेलं मी पाहिलं नाही, आणि तू रडलाच नसशील यावर माझा विश्वास नाही.

पण मला विचारशील तर सगळं एका जागी आहे: योहान १३. तिसरं वचन सावकाश वाच. पित्यानं आपल्या हाती सर्व काही दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे येशूला ठाऊक होतं. पूर्ण सत्ता हातात आहे आणि ती आहे हे माहीतही आहे. आता पुढचं वचन काय असावं? तो जेवणावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. ज्याला आपण कोण आहोत याची खात्री असते, त्याला खाली वाकायची भीती वाटत नाही. ताकद असणं वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. तुझ्या अंगात ती आहे, उद्या पैशाची येईल, हुद्द्याची येईल, आणि पुरुष म्हणून जन्मलास म्हणून काही न करता मिळालेलीही आहे. ती कोणासाठी वापरतोस, एवढंच मला बघायचंय.

इफिसकरांच्या पत्राबद्दल न बोलता सुटका नाही, कारण तुझ्या व्हिडिओचा अर्धा डोलारा त्याच्यावर आहे. पाचवा अध्याय, २२ वं वचन, स्त्रियांनो पतीच्या अधीन असा. त्याच्या आधीचं २१ वं वचन आहे: ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा. ते गाळलं. मग बायकांना उद्देशून तीन वचनं, आणि नवऱ्यांना सांगायला पौलाला त्याच्या दुपटीहून जास्त लागली. (का लागली असतील, ते मी बोलत नाही.) ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. रोमी कायद्यात घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती मुलाबाळांच्या जन्ममरणाची सत्ता होती. 'तू घराचा प्रमुख आहेस' हे त्या काळच्या पुरुषाला सांगायची गरज नव्हती, ते त्याला माहीत होतं. 'तिच्यासाठी जीव दे' हे मात्र त्यानं कधी ऐकलं नसावं. करिंथकरांना तर पौलानं आणखी पुढचं लिहिलं: पतीला स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, तो पत्नीला आहे. सातवा अध्याय, चौथं वचन. हे पडद्यावर ठळक अक्षरांत कधी येतंय, वाट बघते आहे.

'अधीन असा' हे बायकोच्या नावानं आलेलं पत्र आहे, बाळा. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडून त्यातला मजकूर तिच्यावर ओरडायचा नसतो. तुझ्या नावाचं पाकीट वेगळं आहे आणि ते बरंच जड आहे. मंडळीत अंगावर वळ घेऊन आलेल्या बाईला 'सहन कर, प्रार्थना कर' असं सांगून परत पाठवलेलं मी ऐकलंय. पाळकाच्या अंगरख्याआड चाललेली ती क्रूरताच. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम हा नावाजलेला उपदेशक याच अध्यायावर उपदेश करताना म्हणाला होता की गुलामाला धाकात ठेवता येतं, पण बायको नवऱ्याच्या भीतीनं थरथरत असेल तर तो कसला संसार? सोळाशे वर्षं झाली त्याला.

ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही, हेही तुला कळू दे. काही मंडळ्या मानतात की देवानं पुरुषाला घरात आणि मंडळीत पुढारपण दिलंय, काही मानतात की ख्रिस्तात दोघांची पायरी एकच. मी दुसऱ्या बाजूची, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. प्रिस्किल्ला आणि फीबी या मंडळीत काम करणाऱ्या बायकांची नावं घेणारा पौल मला पुरेसा आहे. पण पहिल्या बाजूच्या प्रामाणिक माणसांचं म्हणणंसुद्धा व्हिडिओवाल्यासारखं नाही. अमेरिकेतल्या त्या मताच्या विद्वानांनी १९८७ साली डॅनव्हर्स जाहीरनामा तयार केला, त्यात त्यांनी स्वतःच लिहिलंय की पापामुळे पतीचं प्रेमळ, नम्र पुढारपण बिघडून त्याची जागा एक तर दडपशाही घेते, नाही तर निष्क्रियता. त्यांच्याशी माझं जमणार नाही, पण त्यांच्याशी बोलता येईल.

'बायकांमुळे चर्च बायकी झालं' ही ओरड जुनीच आहे. १८५० च्या दशकात इंग्लंडात 'मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी' निघाली: खेळ, मैदान, पिळदार शरीर आणि भक्ती. त्यातून काही चांगलंही झालं, मी नाही म्हणत नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत नाझींच्या बाजूच्या 'जर्मन ख्रिस्ती' चळवळीला मर्दानी चर्च हवं होतं, लढवय्या येशू हवा होता, जुना करार नको होता आणि यहुदी वंशाचे पाळक नको होते. त्या चळवळीला विरोध करणाऱ्यांत चष्मा घालणारा, पियानो वाजवणारा, अभ्यासू पाळक दीट्रिख बोनहोफर होता. ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्याला फाशी दिलं. मर्दानी चर्चची मागणी करणारे कितीतरी जण तेव्हा सत्तेपुढे हात जोडून उभे होते. आणि बायकी चर्चच म्हणायचं तर वधस्तंभाची गोष्ट आठव. मार्क लिहितो की अटकेच्या वेळी सगळे शिष्य त्याला सोडून पळून गेले. शेवटपर्यंत दुरून का होईना बघत उभ्या राहिल्या त्या मग्दालीया मरीया आणि तिच्यासोबतच्या बायका. पळाले ते प्रेषित झाले, याबद्दल मला तक्रार नाही. फक्त धैर्याचे धडे देताना थोडं जपून.

तुला माझ्या आवडीचे पुरुष सांगते. मरीयेचा योसेफ. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. वाग्दत्त वधूला दिवस गेलेत, मूल आपलं नाही, आणि नियमशास्त्र त्याच्या हातात आहे. चारचौघांत तिची अब्रू काढायचा पूर्ण अधिकार असताना त्यानं ती झाकायचं ठरवलं, आणि हे स्वप्नात देवदूत येण्याच्या आधी. देवदूतानं सांगितल्यावर चांगलं वागणारे पुष्कळ असतील. मार्टिन लूथर दुसरा. त्याच्या तोंडाळपणाबद्दल आणि त्यानं यहुद्यांबद्दल जे लिहिलं त्याबद्दल मी त्याला माफ करत नाही, पण १५२२ साली लग्नावर लिहिताना तो म्हणाला की बाप विश्वासानं बाळाची लंगोटी धूत असेल आणि लोक त्याला बायल्या म्हणून हसत असतील, तर देव आणि सारे देवदूत हसतात, पण आनंदानं. पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन साधू हे लिहून गेला आणि आज आपल्यातले जावई पाळण्यापाशी उभे राहायला कचरतात.

आणि पुरुष होण्यासाठी लग्न लागतं, बायका मागे लागाव्या लागतात, असंही मनात घेऊ नकोस. येशू अविवाहित होता, पौल तंबू शिवून पोट भरणारा एकटा माणूस होता. तोच पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की आई आपल्या मुलांचं लालनपालन करते तसे आम्ही तुमच्याशी सौम्यपणानं वागलो, आणि चारच वचनांनी पुढे, बाप मुलांना बोध करतो तसा बोध केला. आई आणि बाप, दोन्ही एकाच पुरुषाच्या अंगात, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

आता रूथच्या पुस्तकातला बवाज. त्याच्यासाठीच आदामाला थांबवून ठेवलं होतं. रूथ परकी, विधवा, गरीब. दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला आलेली. बवाज श्रीमंत आणि वजनदार. तो तिच्याशी चांगलं बोलला हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनातलं: तुला हात लावू नका असं मी गड्यांना बजावलंय. तो स्वतः सभ्य राहिला आणि तेवढ्यावर थांबला नाही. आपल्या शब्दाला जिथं किंमत होती त्या पुरुषांमध्ये तो बोलला.

मागे तू सांगितलं होतंस की तुमच्या ग्रुपवर वर्गातल्या एका मुलीचा फोटो फिरला आणि त्याखाली वाटेल ते लिहिलं गेलं. 'मी काहीच लिहिलं नाही' असं तू जरा अभिमानानं म्हणालास, आणि मीही तेव्हा शाबासकी दिली. नंतर हे सगळं वाचताना ते राहून राहून आठवत राहिलं. काहीच न बोलणारा आदामही तिथंच उभा होता. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वाईट नजरेनं पाहिलंस तर डोळा उपटून टाक. तिनं काय घातलं होतं हे तो विचारत नाही, पाहणाऱ्याचा डोळा पकडतो. तुझा डोळा तू सांभाळलास, मान्य. पण त्या ग्रुपमध्ये तुझ्या शब्दाला वजन आहे, तुला ते ऐकतात, हे तूच मला सांगतोस ना?

तेव्हा मला दोन गोष्टी कळव. तो फोटो अजून तिथं आहे का, आणि त्या मुलीशी त्यानंतर तुमच्यापैकी कोणी नीट बोललं का. व्हिडिओवाल्या गृहस्थांबद्दल तुझं मत बदललं नसेल तर तेही बेधडक लिही, वाद घालायला मी तयार आहे. बाबांनी हे पत्र वाचलं. त्यांच्या मते मी लूथरला जास्त भाव दिला आणि त्या गृहस्थांना जास्त झोडपलं. लंगोट्या कोणी धुतल्या होत्या, हा विषय मग आमच्यात निघाला आणि तो अजून मिटलेला नाही.

तुझी,
आई